गयामायची हरकत

ग्रामसभेच्या दिवशी गयामाय स्वतःचं बसकर घेऊन यायची. खताच्या रिकाम्या गोणीचं, दुहेरी शिवलेलं. पंचायतीच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली असायची, पण तिच्यावर ती कधी बसली नाही. "सतरंजी सरपंचाच्या घरची हाय. तिच्यावर बसून त्याच्याच इरोधात कसं बोलावं?" असं म्हणायची. नोटिशीवर अकराची वेळ असली की ही साडेदहाला हजर. आणि बहुतेक वेळा तिच्याशिवाय दुसरं कोणी नसायचंच, कारण सभा होणारच नसायची.

हे जरा उलगडून सांगायला हवं. मी त्या गावचा ग्रामसेवक होतो. बोरीहून आत, खडबडीत रस्त्यानं जावं लागणारं गाव. ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांनी एकत्र बसायचं, बोलायचं आणि ठराव करायचे, असं कायदा म्हणतो. आमच्याकडची पद्धत निराळी होती. ठराव मी आदल्या दिवशीच लिहून मोकळा व्हायचो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. मग आमचा शिपाई नामदेव ते रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरायचा. कोणी गोठ्यात उभ्या उभ्या सही करायचं, कोणी पिठाच्या हातानं अंगठा द्यायचं. दुपारच्या जेवणाआधी सभा 'संपन्न' झालेली असायची. ही पद्धत काही मी काढली नव्हती. कपाटाच्या किल्ल्यांबरोबर ती माझ्या ताब्यात आली होती आणि मी ती इमानेइतबारे चालवली.

नामदेव पहिल्यांदा ओढ्यापलीकडच्या वस्तीवर गेला आणि तोंड पाडून परत आला. "गयामाय अंगठा देईना साहेब. म्हनती, अंगठा घरी देत नसत्यात." मला राग आला. मोटारसायकल काढून मी स्वतः गेलो. सत्तरी ओलांडलेली काटक बाई अंगणात बसून चुलीसाठी कापसाच्या पऱ्हाट्या मोडत होती. मी माझ्या सरकारी गोडव्यात समजावलं, की माय, सगळ्या गावानं दिलाय, तुमच्या एकटीच्या अंगठ्यावाचून काय अडणार आहे? हात न थांबवता ती म्हणाली, "अडत न्हाई तर मग पेट्रोल जाळून काहून आलात भाऊसाहेब?"

तिनं चहा पाजला आणि नळ दाखवला. वस्तीतल्या वीस-बावीस घरांपुढं सिमेंटचे छोटे खांब रोवून त्यांना चकचकीत तोट्या बसवल्या होत्या. पाईप मात्र ओढ्याच्या गावाकडच्या काठालाच थांबला होता. खांबांच्या खाली नुसती माती. गयामायनं आपल्या खांबाला शेळी बांधली होती. "सरकारनं दिलेला हाय. कामाला आलाच पायजे," ती म्हणाली. पाणी बायका ओढा उतरून गावातल्या विहिरीवरून आणत, आणि ओढ्याला पाणी असलं की तेही दिवसाआड.

तिचा एक सांगायचा विषय म्हणजे तिचा बाप. निजामाच्या राज्यात तो जवान झाला. "तवा इचारायची सोय नव्हती," ती सांगायची. "फर्मान यायचं. पाटील चावडीवर वाचायचा, लोक माना हलवायचे आन् घरला जायचे. पयलं मत टाकायला आमचा बाप नवं धोतर नेसून गेला व्हता, तर आई म्हनली, सोयरीक बगाया चाललात का? आता नोटीस काढून इचारायलेत, तर सांगू नगं का?" हे ती मोठा इतिहास सांगावा तशी सांगत नसे. पऱ्हाट्या मोडता मोडता, धुणं झोडपता झोडपता सांगायची.

त्या वर्षांत राज्यात सरकारं उलटीपालटी होत होती. पंचायतीच्या ओसरीवर माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून कोण कोणाकडे गेला, कोण फुटला, याचा हिशोब लावत बसायची. आवाज चढायचे, एकदा तर दोघा चुलतभावांत हातघाईवर आलं. गयामाय बसकर काखेत घेऊन तिथून जाताना थबकायची आणि म्हणायची, "मुंबईचं झालं आसंल तर आपली सभा कवा हाय ते सांगा." तिच्यावर हसायचे सगळे. मीही हसायचो.

मग नळ योजना पूर्ण झाल्याचा ठराव करायची वेळ आली. ठरावाबरोबर सभेचे फोटो जोडायचे होते, म्हणून त्या खेपेला खरीच सभा भरवावी लागली. पन्नासेक माणसं जमली. सरपंच म्हणाले, गावात घरोघरी नळ पोचले आहेत. गयामाय बसकरावरून उठली. "माझी हरकत हाय. आमच्या नळाखाली पाईपच न्हाई."

"होईल की माय," सरपंच हसत म्हणाले. "आधी ठराव होऊ दे. राहिलेलं मागून करून घेऊ."

"काम झालं म्हनून लिवल्यावर काम कोन करतंय? माझी हरकत लिवा भाऊसाहेब."

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात सगळं होतं. परभणीहून रोज जाऊन-येऊन करता येईल असं गाव मला त्यांच्याच शब्दावर मिळालं होतं. मुलीचं शिक्षण परभणीला, बायकोची नोकरी परभणीला. मी खाली मान घालून लिहिलं. लिहून झाल्यावर गयामाय पुढं आली आणि म्हणाली, "वाचा."

मी वाचलं, "सदर ठरावास गयाबाई यांनी हरकत घेतली." चांगलं खणखणीत वाचलं. कागदावर लिहिलं होतं, 'सर्वानुमते मंजूर.' तिनं समाधानानं मान हलवली, शाईच्या डब्यात अंगठा दाबला आणि मी बोट ठेवलं तिथं उमटवला. आजही तो अंगठा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत मी लहानमोठ्या पुष्कळ लबाड्या केल्या, त्यातली हीच मला सोसत नाही.

तीनेक महिन्यांनी वरचे एक साहेब योजनेच्या तपासणीला आले. त्यांना वस्तीवर न्यायचं नाही असं ठरलं होतं, पण गयामाय रस्त्यातच उभी होती. तिनं गाडी थांबवली, साहेबांना शेळी बांधलेला नळ दाखवला आणि म्हणाली, "माझ्या मनचं सांगत न्हाई साहेब. सभेत लिवलेलं हाय. भाऊसाहेबानंच लिवलंय." तिचा आवाज अभिमानानं भरून आला होता. साहेबांनी माझ्याकडून रजिस्टर घेतलं, पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. "सर्वानुमते मंजूर."

"आन् खाली?" तिनं विचारलं.

"खाली सह्या-अंगठे आहेत. तुमचाही आहे मावशी."

ती माझ्याकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं शेळी सोडली आणि ती रानाकडे निघून गेली. साहेब गाडीत बसताना मला म्हणाले, "म्हातारी माणसं, त्यांना आठवत नाही." मी "हो सर" म्हणालो.

पुढं सरपंचांची मुदत संपली. निवडणूक काही लागेना. आमच्यावर प्रशासक नेमले गेले. त्यांच्याकडे आणखी बरीच गावं, त्यामुळे आमच्याकडे त्यांचं फिरकणं व्हायचं नाही. सभा घेतली काय, नाही घेतली काय, कोणी विचारणार नव्हतं. आणि नेमकी तेव्हाच मला सभा घ्यावीशी वाटली. मी नामदेवला रजिस्टर न देता पाठवलं आणि सांगितलं, सह्या नकोत, माणसं आण. नामदेवला वाटलं माझी तब्येत बरी नाही.

गयामाय वस्तीवरची सगळी घरं घेऊन आली. सगळ्यांकडे आपापली बसकरं. माझ्याशी ती बोलली नाही, बघितलंही नाही. नळाचा विषय निघाला, चार बायका बोलल्या, बापे बोलले. मी सगळ्यांसमोर लिहिलं, की आधीच्या सभेचा ठराव चुकीचा नोंदला गेला, वस्तीत पाणी नाही, गयाबाई आणि बावीस घरांची हरकत आहे, काम पूर्ण धरू नये. मग रजिस्टर तिच्यापुढं धरलं. "माय, या वेळी कोणाकडूनही वाचून घ्या."

"न्हाई," ती म्हणाली. "लिवनाऱ्यानंच वाचावं. मागल्या टायमालाबी तुमीच वाचलं व्हतं."

साऱ्या गावासमोर मी ते वाचलं, 'चुकीचा नोंदला गेला' हे माझ्या तोंडानं वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. वाचून संपल्यावर तिनं अंगठा दिला, बसकर उचललं आणि गेली. दोन महिन्यांच्या आत माझी बदली गंगाखेडकडे झाली. माझ्यावर तिचा विश्वास बसला की नाही, हे विचारायचं राहून गेलं.

नव्या गावात मी सभा घ्यायचा प्रयत्न केला. चार माणसं यायची, चहा पिऊन जायची. हळूहळू माझा उत्साह मावळला आणि तिथल्या शिपायाच्या काखेत रजिस्टर कधी गेलं, मला कळलंही नाही. पण सभेच्या दिवशी साडेदहा वाजले की माझं लक्ष उगीच ओसरीकडे जायचं. कोणीतरी यावं, समोर बसावं आणि मला दमात घेऊन विचारावं, असं फार वाटायचं. माणसाला आपल्याला अडवणारं कोणी असावं लागतं, हे मला ती नसताना कळलं.

गयामाय गेल्याचं नामदेवकडून कळलं, तेही उशिरा. मी वस्तीवर गेलो. तिची सून ओळखून बाहेर आली. खाट टाकली, पाणी दिलं, आणि आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद आणला. माझ्याच अक्षरातल्या ठरावाची नक्कल. घड्यांवर विरलेली.

"नव्या भाऊसाहेबाला अर्ज देऊन आत्याबाईनं काढून आनली," सून म्हणाली. "पाव्हना आला की आदी चहा, मग ह्ये वाचायला द्यायच्या. शाळेचे मास्तर झाले, बोरीचा औषधवाला झाला, आमच्या लेकीच्या सासरचे झाले. सगळ्यांनी सारकंच वाचलं की लय खूश व्हायच्या. म्हनायच्या, बगा, भाऊसाहेब खरं वाचले."

मी कागद जुन्याच घड्यांवर मिटून पिशवीत घातला. अंगणात सुनेची लेक कळशी भरत होती. नळाखाली पाईप होता.

"पाणी कधी आलं?"

"आत्याबाई व्हत्या तवाच की. पयल्या दिवशी लय घाई केली त्यांनी. म्हनल्या, ह्या पान्याचा सैपाक करायचा आन् भाऊसाहेबाला जेवाय बोलवायचं. नामदेवकडून तुमचा नंबर आनला. मी दोन डाव फोन लावला. तुमी उचलला न्हाई."

अनोळखी नंबर मी उचलत नाही. माझी ती जुनी सवय आहे.

"मग माय काय म्हणाली?"

"काय म्हननार?" सून सहज म्हणाली. "म्हनल्या, सभेत असतेल. सभेतून मानसाला उठवू नये."

सून वार सांगत होती, महिना सांगत होती. त्या दिवशी मी कुठं होतो, मला कितीही आठवलं तरी आठवेना. सभेत नव्हतो, एवढं नक्की.