पट्ट्यावरची टीप

अप्पा मंगळवारी दुपारी गेले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर होते. दुकानातून फोन आला. ते कापड कापत होते, टेबलावर डोकं टेकलं आणि उठले नाहीत.

त्याच्या दीड महिना आधी त्यांनी पंप लावणं सोडलं होतं. झोपेत त्यांचा श्वास अडायचा, म्हणून डॉक्टरांनी मास्कमधून हवा देणारं यंत्र सांगितलं होतं. आम्ही शिंपी. आमच्याकडे मशीन म्हणजे शिलाईचं, म्हणून हा पंप.

पंपवाला कुवेंपुनगरातल्या आमच्या घरी आला. अप्पांना खुर्चीत बसवलं, मास्क चढवला, पट्टे ओढले आणि पाच मिनिटांत बूट घालून निघाला.

"अय्यो, मी साधा ब्लाउज ट्रायलशिवाय दिला नाही कधी," अप्पा त्याच्यादेखत म्हणाले. "हा झोपायची वस्तू बसवून मापतो!"

मी अप्पांनाच गप्प केलं. त्या माणसाला हसून थँक्यू म्हटलं. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

आडवं झालं की हवा नाकाच्या कडेने डोळ्यांत जायची. सकाळी डोळे लाल. मी पंपवाल्याला फोन केला. "अड्जस्ट माडि, मॅडम," तो कानडीत म्हणाला, म्हणजे घ्या सांभाळून. पुन्हा केला तेव्हा त्याने न येता, डॉक्टरांना न विचारता, फोनवर बटणं सांगून दाब वाढवायला लावला. मीही वाढवला. दिवसभर पुस्तकांत बसणाऱ्या बाईने सोबतची पुस्तिका उघडली नाही. दाब वाढला तशी गळतीही वाढली. मास्क शिट्टी वाजवू लागला.

"ढगळ आहे," अप्पा म्हणाले. "दोन बोटं आत घे ग."

त्यांना आता सुईचं भोक दिसत नव्हतं. ढगळ असेल ते आत घ्यायचं, याहून वेगळं आमच्या घरात कुणाला सुचणार? मी पट्टा दुमडून दुहेरी टीप घातली. अप्पांनी ती नखाने तपासली.

"बरी आहे. नोकरी सुटली तर दुकानात ये."

हवा सुटतच राहिली. वर नाकावर जखम झाली. आठ दिवसांत मास्क खुंटीला लागला आणि ती जखम बघून मी म्हणाले, बरंच झालं.

तेराव्यानंतर पंप परत न्यायला त्याच कंपनीची एक मुलगी आली. पट्टा हातात घेऊन थबकली.

"अक्का, हे कुणी शिवलं? आवळला की मास्कची कड चुरगळते, हवा जास्तच सुटते. माणसाला आडवं करून, हवा चालू ठेवून बसवायचा असतो."

एवढंच. एवढं सांगायला त्या माणसाला आणखी किती वेळ लागला असता? आणि अप्पांनी तेच तर सांगितलं होतं, त्याच्या तोंडावर. त्याने ऐकलं नाही. मी ऐकू दिलं नाही.

अप्पा त्यामुळे गेले असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी विचारलं तेव्हा नाही असंही म्हणाले नाहीत.

पंप गेला. शिवलेला पट्टा कंपनीला चालत नाही म्हणून तिने तो इथेच ठेवला. तो माझ्या खणात आहे. टीप पक्की आहे.