वरातीच्या गाडीला हूड

गाडी सुरू करण्याआधी आबा बॉनेटवर हाताची उलटी बाजू टेकवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर टेकवतात तशी. क्षणभर थांबायचे आणि स्वतःशीच अहिराणीत म्हणायचे, "बरी शे." मग बँडवाल्यांकडे बघून मान हलवायचे. नवरदेव घामाघूम झालेला असो, मांडवात भटजी मुहूर्तासाठी ओरडत असोत, आबांचा हात बॉनेटवरून उठल्याशिवाय वरात हलत नसे.

जळगावात तुम्ही कधी एखाद्या लग्नाला आला असाल तर आबांना तुम्ही पाहिलेलं आहे. निदान त्यांची कोपरं तरी पाहिली आहेत. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवाला मिरवत नेणारी ती जुनी, लांबलचक, सायीच्या रंगाची उघडी गाडी त्यांची. मी लग्नाचे फोटो काढतो. वरातीत गाडीपुढे उलटं चालत राहायचं, हे आमचं काम. त्यामुळे आबांना मी वर्षानुवर्षं समोरून बघत आलो. अल्बममध्ये मात्र त्यांची फक्त कोपरं येत. फोटोत ड्रायव्हर कुणालाच नको असतो.

वरातीची गाडी चालवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, हे आमच्या धंद्यातला कुणीही सांगेल. भर एप्रिलात, जळगावच्या उन्हात, नाचणाऱ्या पोरांच्या मागून मुंगीच्या पावलांनी गाडी न्यायची. इंजिन तापतं, क्लच रडतो, आणि नवरदेवाचा मामा बॉनेटवरच चढून नाचायला लागतो. आबा पायाशी पाण्याचे कॅन ठेवून बसत आणि कुणावर आवाज चढवत नसत. नवरदेव फारच गंभीर दिसला तर तेवढं मागे न बघता म्हणत, "नवरदेव, आजच हसी घ्या. मांगून टाइम भेटत नही." बिचारा नवरदेव खरंच हसायचा आणि मला फोटो मिळायचा.

ही गाडी त्यांनी तरुणपणी भुसावळच्या एका रेल्वेसाहेबाच्या कुटुंबाकडून घेतली होती. ते लोक गाव सोडून निघाले होते. तेव्हा गाडीला कापडी हूड होतं, मागे दुमडून ठेवता येणारं. आपल्याकडच्या उन्हानं ते लवकरच खाल्लं. उरलेल्या चिंध्या आबांनी स्वतःच काढून टाकल्या, कारण नवरदेव चारचौघांत दिसायला हवा. हुडाच्या लोखंडी कमानी अक्कांनी उचलून परसात रोवल्या आणि त्यांच्यावर गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल चढवला.

अक्का म्हणजे आबांची बायको. अख्ख्या गावाची मुलं ज्या गाडीत बसून बोहल्यावर गेली, त्या गाडीत ही बाई कधी बसली नव्हती. उघड्या गाडीत बसायची तिला लाज वाटे. तिचं माहेर पिंपळनेर. तिला तिथं आपल्या गाडीतून नेण्याची आबांना फार हौस, आणि तिचं उत्तर ठरलेलं. डोक्यावर छप्पर नसलेल्या गाडीतून मी गावात शिरले तर लोक म्हणतील म्हातारीची वरात आली. म्हणून दर दिवाळीला ती एसटीनं जायची, धुळ्याला गाडी बदलून, मांडीवर फराळाचा डबा घेऊन. आबा स्टँडवर सोडायला जायचे, तेही रिक्षानं. मला ह्याचं हसू यायचं. आबांनाही यायचं.

मग आबांचा हात थरथरायला लागला. आधी उजवा, नंतर दोन्ही. डॉक्टरांनी सांगितलं की हा कंप वाढतच जाणार, तेव्हा गाडी चालवणं आता आवरतं घ्या. त्याच संध्याकाळी ते माझ्या स्टुडिओत आले, हात खिशात घालून उभे राहिले आणि म्हणाले, "अक्काले एकदाव तिन्हा माहेरले लई जानं शे. मन्ही गाडीमा." हात हातात आहेत तोवर स्वतः चालवत न्यायचं होतं, आणि त्यासाठी गाडीला हूड हवं होतं. हूड करणारा माणूस शोधून दे, एवढंच त्यांचं मागणं.

मला वाटलं, दोन फोन केले की काम होईल. जळगावात गाड्यांच्या सीटा शिवणारी कुशनची दुकानं काय थोडी आहेत? त्यातल्या सगळ्यात मोठ्या दुकानाच्या मालकानं आधी आम्हांला मोबाइलवर परदेशातल्या गाड्या दाखवल्या. बटण दाबलं की छप्पर आपोआप मागे जाऊन डिकीत झोपतं. आबांनी तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि हे कुठं मिळतं म्हणून विचारलं. मिळत नाही, मालक म्हणाला, नुसतं दाखवलं. हूड आता कुणी करत नाही, त्यापेक्षा पत्र्याचा पक्का टप बसवून देतो, आतून रंगीत लाइटिंगसकट.

"आनि नवरदेव कोठे बसाडू? टपवर?" आबांनी विचारलं, आणि आम्ही बाहेर पडलो.

मग आमच्याच ओळखीतला एक मंडपवाला. त्यानं उत्साहानं गुलाबी कापड काढलं, झालरीचं. आबांनी ते बोटांत धरून पाहिलं आणि हळूच मला म्हणाले की ह्यात बसून गेलो तर रस्त्यानं लोक जेवायला येऊन बसतील. तिथून आम्ही गाडी घेऊन धुळे गाठलं. हायवेला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे बसतात. त्यांचं कापड असं जाड की दुमडायला चार माणसं लागावीत. केळीच्या ट्रकवर ते शोभतं. आबांना उघडमीट होणारं हूड पाहिजे होतं, कारण पिंपळनेरहून परत आल्यावर पुतण्याच्या हाती गाडी द्यायची आणि लग्नं चालू ठेवायची, हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

त्या दुपारी धुळ्यात आग्रा रोडला एका टपरीवर आम्ही चहा घेत होतो. आबांच्या कपातला चहा बशीत सांडत होता. त्यांनी कप खाली ठेवला, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी उगाच टपरीवाल्याशी दूध-साखरेच्या भावाच्या गोष्टी काढल्या.

तेवढ्यात आबा उठले. समोर स्टँडवर एक रिक्षा उभी होती, तिला नवं कोरं हूड होतं. आबांनी जाऊन त्या हुडाचं कापड चिमटीत धरलं, खाली वाकून आतली शिवण पाहिली, पट्टे सोडून पुन्हा लावून पाहिले. रिक्षावाला आरडाओरडा करत आला. आबांनी त्याला विचारलं, "कोणी शिवलं?" इतक्या आदरानं विचारलं की तो ओरडायचं विसरला आणि रिक्षा पुढे घालून आमच्या गाडीला थेट त्या गल्लीपर्यंत घेऊन गेला.

तिथं जे उस्ताद होते त्यांनी जन्मभर रिक्षांचीच हुडं शिवलेली. चारचाकीला त्यांनी कधी हात लावला नव्हता, आणि लावायची इच्छाही दिसेना. आबांनी त्यांना बाहेर आणून गाडी दाखवली. उस्तादांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मग उलटी दुसरी मारली, दाढी खाजवली. शेवटी म्हणाले, "रिक्षाच शे. जरा लंबी शे." काम ठरलं. फक्त जुन्या कमानी घेऊन या, नव्या कमानींना तसा बाक येणार नाही, असं त्यांनी बजावलं.

कमानी गिलक्याखाली होत्या आणि वेल फळाला आला होता. फळता वेल उपटायचा नाही, असं अक्कांनी सांगून टाकलं. हूड कशासाठी चाललंय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, तरीही नाही. आबांना एकेक दिवस जड होता, पण ते वाद घालायला गेले नाहीत. वेल लवकर उतरावा म्हणून रोज गिलक्याची भाजी खात राहिले. मी गेलो की मलाही पिशवी भरून देत. त्या दिवसांत आमच्या घरी गिलक्याचं नाव काढलं की बायको माझ्याकडे रागानं बघायची.

दिवाळी झाली, वेल वाळला, कमानी धुळ्याला पोचल्या. उस्तादांनी मनापासून काम केलं. हूड असं ताणून बसवलं होतं की वर पाण्याचा थेंब ठरू नये. पण हाताची सवय कुठं जाते? काळ्या रेक्झीनला चारी बाजूंनी पिवळी पट्टी, मागे प्लास्टिकची गोल खिडकी, बाजूला गुंडाळून बांधायचे पावसाळी पडदे. साहेबाची गाडी समोरून साहेबाची आणि मागून रिक्षा दिसत होती. मी आबांकडे पाहिलं. उस्तादही पाहत होते, जरा चोरट्यासारखे. पिवळी पट्टी नाही लावली तर काम अपुरं राहिल्यासारखं वाटतं, असं काहीतरी ते पुटपुटले. आबांनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि उस्तादांचा हात हातात घेतला. तो थरथरता हात उस्तादांनी बराच वेळ सोडला नाही.

तुळशीचं लग्न लागून गेलं होतं आणि लग्नाच्या तिथी सुरू झाल्या होत्या. पहिल्याच तिथीला आबांनी गाडी द्यायला नकार दिला. असं आमच्या धंद्यात कुणी करत नाही. त्या दिवशी सकाळी अक्का नवं पातळ नेसून, भरीत-पुरीचा डबा घेऊन मागच्या सीटवर बसल्या, नवरदेव बसतो तिथंच. मी पुढे. धुळ्यापर्यंत त्या पदर डोक्यावर घट्ट धरून दोन्ही बाजूंच्या शेतांकडे बघत होत्या.

साक्री मागे पडलं आणि रस्त्याकडेच्या लोकांनी हात दाखवायला सुरुवात केली. मला आधी कळेना. मग लक्षात आलं. वर काळं, कडेला पिवळं, आत माणसं बसलेली. आमच्याकडे गावोगाव भाड्यानं सीटा भरून फिरणाऱ्या जीपांना काळी-पिवळी म्हणतात. लोकांना वाटत होतं, एखादी नव्या तऱ्हेची काळी-पिवळी निघाली आहे. मी हसत सुटलो. आबांनी मात्र गाडी थांबवली. म्हाताऱ्या माणसानं हात दाखवल्यावर न थांबता पुढे जाणं त्यांना जमणारं नव्हतं.

एक म्हातारी बोचक्यासकट अक्कांशेजारी बसली. तिनं सीटवरून हात फिरवला, छताकडे पाहिलं, पितळी कड्या पाहिल्या. उतरताना कनवटीला हात घालून भाडं विचारलं तर अक्का म्हणाल्या, भाडं नाही, घरची गाडी आहे. म्हातारीचा विश्वास बसेना.

"हाई गाडी तुन्ही शे?"

"हा," अक्का म्हणाल्या. "आमनी शे."

इतक्या वर्षांत त्या गाडीला आमची म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आबांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण म्हातारी उतरून गेली तरी त्यांनी गाडी पुढे घेतली नाही. समोरच्या काचेतून बघत नुसते बसून राहिले. मी हळूच हाक मारली तेव्हा भानावर आले.

पिंपळनेरची घरं दिसायला लागली तशी अक्कांनी गाडी थांबवायला सांगितली. आबांना वाटलं, उलटी होतेय. त्यांनी घाईनं पाण्याचा कॅन उचलला.

"पानी नको," अक्का म्हणाल्या. "हाई वरलं उघडा."

"गरम व्हई ऱ्हायनं का?"

"नही. मन्हा भाऊले दिखू द्या."

आता मला सांगा, ज्या माणसानं ह्या हुडासाठी दोन जिल्हे पालथे घातले, त्यानं काय म्हणावं? आबांनी पाण्याचा कॅन जागेवर ठेवला. खाली उतरले आणि पट्टे सोडायला लागले. बक्कल नवं होतं, बोटं ऐकत नव्हती. एकेक पट्टा सुटायला वेळ लागत होता. मी मदतीला उठलो तर अक्कांनी मागून माझ्या दंडाला धरून मला खाली बसवलं. आबांनी एकट्यानं सगळं हूड सोडलं, दुमडलं, मागे नीट बसवलं.

गावात गाडी वरातीच्याच चालीनं शिरली. मी सवयीनं उतरून पुढे उलटा चालायला लागलो. अक्कांचा थोरला भाऊ ओट्यावर खाटेवर बसला होता. त्याला धड दिसत नव्हतं. गाडीचा आवाज ऐकून त्यानं कोण आहे म्हणून विचारलं. अक्का गाडीत उभ्या राहिल्या. पदर केव्हाच खांद्यावर आला होता.

"मी शे, दादा," त्या म्हणाल्या. "आमनी गाडीमा उनू."

तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात आबा पूर्ण आहेत, कोपरांसकट, आणि ते रस्त्याकडे बघत नाहीत, मागे वळून तिच्याकडे बघताहेत.

दुसऱ्या दिवशी परतताना मी धुळ्याला उतरलो, मला तिथं एका साखरपुड्याचं काम होतं. पुढे जळगावपर्यंत ते दोघंच गेले. त्यानंतर आबांनी गाडी चालवली नाही. उन्हाळा लागता लागता ते गेले. ऐन लग्नसराईत गेले, आणि खांदा द्यायला बँडवाले, मंडपवाले, फुलवाले, आम्ही सगळे कामं सोडून होतो.

मागच्या महिन्यात अक्कांकडे जाऊन आलो. पुतण्या गाडी चालवतो, लग्नाच्या वराती करतो, बरं चाललंय. अक्कांनी मला बसवलं आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाल्या की तू धुळ्याला उतरलास ना, त्यानंतर पारोळ्याच्या आसपास त्यांनी मला विचारलं, आता हूड झालंय, तर आणखी कुठं जायचं तुला? सांग, तिकडं वळवतो.

"मी म्हनं, घर चला, दूधवाला ई जाई."

त्यांनी पदरानं पाण्याचा तांब्या पुसून माझ्यापुढे ठेवला.

"कोठलं तरी गावनं नाव लेवाले पाहिजे व्हतं," अक्का म्हणाल्या, आणि माझं ताट वाढायला उठल्या.