विटकरी दिसणारं कुंकू

त्या वर्षी देवघरातल्या अंबेच्या कपाळावरचं कुंकू मला विटकरी दिसू लागलं. देवी रुसली की काय, असं वाटे. माझा उजवा डोळा लहानपणापासून अधू, सगळी भिस्त डाव्यावर. तोही दुखत होता, धूसर झाला होता. पण आजूबाजूच्या खेड्यांत लागोपाठ पिकं बुडालेली, रोज कोणाच्या तरी घरून वाईट बातमी यायची. त्यापुढे आपल्या डोळ्याचं काय रडगाणं गायचं, म्हणून गप्प राहिले. राग निघाला तो दुकानदारावर. जठारपेठेत जाऊन कुंकवाची पुडी त्याच्यापुढे आपटली आणि भेसळीवरून नाही नाही ते बोलले.

शेजारी बांगड्या पाहणारी बुरख्यातली एक अनोळखी बाई हळूच म्हणाली, "बाई, कुंकू तं लालच हाय. एकेक डोळा झाकून पाहा बरं." मी घुश्शातच डावा झाकला. ज्या डोळ्याला जन्मभर कुचकामी म्हटलं, त्याला ते कुंकू पुसट पण लालभडक दिसलं. पुन्हा झाकून-उघडून पाहिलं, तेच. ती म्हणाली, "माह्या भावाले असंच फिकं दिसे. त्यानं उशीर केला. तुमी आजच डॉक्टरले दाखवा."

नाचता येईना अंगण वाकडं, अशी माझी गत! दुकानदाराची माफी मागून तडक दवाखाना गाठला. डोळ्याच्या नसेला सूज होती. छातीच्या फोटोत गाठी दिसल्या, तेव्हा घरच्यांनी क्षयच धरला. माहेरी, अमरावतीच्या डॉक्टरांनी मात्र गाठीचा तुकडा तपासून सांगितलं, हा क्षय नाही, सार्कॉइडोसिस आहे. शरीराची संरक्षणशक्तीच जागोजागी अशा गाठी करते, नसेलाही सोडत नाही. नजर किती परत येईल, ते त्यांनाही सांगता येईना. नवस बोलायला अंबेपुढे हात जोडले आणि "तुझ्या हवाली," एवढंच म्हटलं. पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड, मग कित्येक महिने गोळ्या, हळूहळू कमी करत. तोंड असं सुजलं की भावजय म्हणाली, "ताई, तुमी तं बाळसं धरून राहिल्या!"

नजर परतली. सगळी नाही; वरच्या कोपऱ्यात एक राखाडी डाग राहिला. त्या बाईचं नावही मी विचारलं नाही, याची चुटपुट वाटते. तिला कोणी पाठवलं, याबद्दल मात्र मला शंका नाही.

बरी झाल्यावर अंबादेवीच्या देवळात गेले. सवयीने मागायला तोंड उघडलं, तेवढा डाग घालव म्हणून, आणि माझंच मला हसू आलं. मागची पोरगी म्हणाली, "मावशी, झालं का दर्शन?"

"झालं बाई, पोटभर झालं," म्हटलं आणि तिला पुढे जाऊ दिलं.