शिफारशीतल्या दोन ओळी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. सुनंदापाशीही नाही — आणि इतक्या वर्षांच्या संसारात बायकोपासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. आजच का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही ऐकताय, एवढं पुरे.

मी विमान चालवायचो. प्रवाशांचं नाही — एका उद्योगपतींचं खाजगी जेट, आठ सीटचं. सगळे त्यांना शेठ म्हणायचे, मीही म्हणायचो. राहायला ठाण्याला, बाळकुममध्ये, गावातल्या आमच्या जुन्या घरात. वडिलांनी जन्मभर खाडीत जाळं टाकलं आणि त्यांचा मुलगा ढगांतून जातो, याचं गावाला फार अप्रूप. पूजेला मला मुद्दाम पुढे बसवायचे. पण त्या नोकरीत माणूस किती एकटा पडतो, हे त्यांना कसं कळावं? शेठ मीटिंगला निघून जायचे आणि आम्ही कुठल्या तरी आडगावच्या धावपट्टीशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये, सहा-सहा, आठ-आठ तास बसून. लग्नं, बारशी, मुलीचं गॅदरिंग — माझ्या घरातलं सगळं मी नंतर ऐकलेलं आहे.

आम्ही म्हणजे मी आणि हेमंत. माझा को-पायलट. डोंबिवलीचा, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, घरी बायको वृंदा आणि म्हातारे वडील. सहा वर्षं तो माझ्या उजव्या हाताला बसला. पहाटेचं उड्डाण असलं की आदल्या दिवशीच बाळकुमला मुक्कामाला यायचा. माझी आई त्याला विचारायची, "तू पन इमान चालवतस, का नुसता बाजूला बसतस?" तो हसून म्हणायचा, "नुसता बसतो, आई." आणि सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, घातलेले पोहे मिटक्या मारत खायचा. त्याच्या घरी सगळे शाकाहारी, म्हणून तिकडे सांगू नका म्हणायचा. माझा मित्र असा तो एकच होता. तेव्हा मी त्याला मित्र म्हटलं नसतं — ज्युनिअर होता ना. पण दुसरं कोण होतं?

लोक विचारायचे, कॅप्टन व्हायला काय लागतं? मी ऐटीत सांगायचो. लायसन्सच्या परीक्षा, ठरलेले उड्डाणाचे तास, त्या-त्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग, दर सहा महिन्यांनी डोळ्यांपासून हृदयापर्यंत तपासणी. शिवाय रोजचं काम — हवामानाचा कागद वाचायचा, इंधन मोजायचं, एक धावपट्टी बंद मिळाली तर दुसरीपर्यंत पुरेल एवढं जास्तीचं घ्यायचं, वजन जुळवायचं, परवानग्या काढायच्या. शेठच्या काजूचा डबा आणि बर्फ चढला की नाही, तेही कॅप्टननंच बघायचं.

एक गोष्ट मात्र मी कधीच सांगायचो नाही. कॅप्टनला नाही म्हणता आलं पाहिजे. मालकाला, तोंडावर. बाकी सगळं शिकवता येतं.

थांबा — आधी तो ऑगस्ट सांगायला हवा. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. कारखान्याजवळच्या छोट्या धावपट्टीवर उतरायचं होतं. तिथे दिवे नाहीत, यंत्रणा नाही. डोळ्यांनी पट्टी दिसली तर उतरायचं. तिन्ही बाजूंना डोंगर, त्यावर ढग बसलेले. अशा वेळी नियम साधा असतो. ठरावीक उंचीपर्यंत, आम्ही तिला मिनिमम म्हणतो, खाली यायचं. तिथे पट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचं. यात चर्चा नसते.

शेठ उठून आमच्या मागे येऊन उभे राहिले. "कॅप्टन, आज तो उतरना ही है."

मी विमान आणखी खाली घेतलं. खाली जात राहिलो.

हेमंत म्हणाला, "सर, पट्टी दिसत नाहीये."

मग म्हणाला, "सर, आपण मिनिममच्या खाली आलोय."

मला ऐकू येत होतं. दोन्ही वेळा स्वच्छ ऐकू आलं. तरी खाली जात राहिलो — शेठचा हात माझ्या सीटच्या पाठीवर होता म्हणून? की आता एवढे आलोच आहोत म्हणून? तिसऱ्यांदा हेमंत ओरडला, "सर, वर घ्या."

मी वर घेतलं. त्याच क्षणी डावीकडे ढग फाटला आणि डोंगराचा उतार दिसला. हिरवं गवत आणि भिजत उभी असलेली चार-पाच गुरं. ती आमच्या खाली नव्हती. आमच्याच उंचीवर होती.

पुण्याला जाऊन उतरलो. शिडीपाशी शेठनी आपल्या माणसांसमोर हसत विचारलं, "कॅप्टनसाहब, आज जहाज कौन चला रहा था? आप, या ये?" सगळे हसले. मीही हसलो. हेमंत हसला नाही. तो खाली बघत होता.

विमान पुण्यालाच ठेवून आम्ही दोघं गाडीनं परत निघालो, ते कळव्यापर्यंत आलो. मग तो हळूच म्हणाला, "सर, मी आवाज चढवला. सॉरी. ऑफिसात कुणी विचारलं तर हवामान खराब होतं म्हणून परतलो, एवढंच सांगेन."

आणि त्यानं तेवढंच सांगितलं. सगळ्यांना. माझ्यामुळे आम्ही सगळे मेलो असतो, हे त्यानं वृंदालासुद्धा सांगितलं नसावं. तुम्हाला वाटेल, मी त्याचे हात धरले असतील. नाही. दुसऱ्या दिवसापासून तो शेजारी बसला की मला अंगावर काहीतरी टोचल्यासारखं व्हायचं. त्याच्या अदबीचा राग यायचा. शेडमध्ये मी वेगळ्या कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसू लागलो. पहाटेचं उड्डाण असलं तरी त्याला घरी बोलवेनासा झालो. आईनं एकदा विचारलं, "तो डोंबिवलीवाला येत नाय आता?" मी म्हटलं, कामात असतो.

त्या वर्षअखेर कंपनीनं दुसरं विमान घ्यायचं ठरवलं. दुसरा कॅप्टन हवा होता. हेमंतचे तास पुरे होते, परीक्षा झाल्या होत्या, तब्येत ठणठणीत. राहिली होती फक्त माझी शिफारस. फॉर्मवर एक रकाना होता — निर्णयक्षमता.

आता आलं बघा. इतका वेळ मी इकडचं तिकडचं सांगत होतो, ते यासाठीच.

मी त्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या. इंग्रजीत होत्या, अर्थ सांगतो. "दबावाखाली गोंधळतो. स्वतंत्र जबाबदारी देण्याआधी आणखी दोन वर्षं थांबावं."

रागाच्या भरात नाही लिहिल्या. दुपारची वेळ, समोर चहा. पेन नीट चालेना म्हणून दुसरं मागून घेतलं. म्हणजे विचार करायला वेळ होता. गोंधळलो होतो मी आणि नाव त्याचं लिहिलं. सही केली, पाकीट बंद केलं.

बाहेरचा माणूस कॅप्टन म्हणून आला. हेमंत तसाच राहिला. दोन वर्षांनी धंदा मंदावला, दुसरं विमान विकलं आणि माणसं कमी केली, त्यात हेमंत गेला. त्यानं दुसऱ्या कंपनीत अर्ज केला, तेव्हा तिथल्या साहेबांनी मला फोन करून विचारलं, कसा आहे? मी म्हणालो, "माणूस फार चांगला आहे." आणि थांबलो. पुढे एक वाक्य बोललो असतो तर? आमच्या धंद्यात असं थांबणं पुरतं. साहेब म्हणाले, "समजलं, कॅप्टन."

पुढे हेमंतचं उडणं सुटलंच. विमानतळाजवळच्या एका ऑफिसात तो इतर वैमानिकांसाठी हवामानाचे कागद आणायचं, फ्लाइट प्लॅन भरून द्यायचं काम करू लागला. कधी दिसला की उठून उभा राहायचा. मी घाई असल्यासारखा पुढे जायचो.

मग शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास त्याचं पत्र आलं. टिटवाळ्याला नव्या इमारतीत जागा घेतली होती, वास्तुशांतीला या म्हणून. सुनंदा मुलीकडे गेलेली. मी एकटाच गेलो. का गेलो? सांगून टाकावं, असं मनात होतं का? खरंच असेल, पण त्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही.

पंगत उठल्यावर हेमंत मला गॅलरीत घेऊन गेला. भिंतींना रंगाचा वास येत होता. केस बरेच पिकले होते त्याचे. म्हणाला, "सर, एक विचारू? माझं नाव तेव्हा कुणी अडवलं? राग नाही हो आता. नुसतं कळावं म्हणून."

आत वृंदा भांडी आवरत होती. आमच्या दोघांत हातभर अंतर होतं. अशी संधी माणसाला किती वेळा मिळते?

मी म्हणालो, "वरूनच ठरलं होतं रे. शेठच्या मनात बाहेरचा माणूस होता."

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "मला वाटलंच. वृंदा म्हणायची, सरांना विचारा. मी म्हटलं, सर माझ्यासाठी भांडले असणार, पण बोलून दाखवणार नाहीत." आणि माझ्याकडे बघून विचारलं, "भांडला होतात ना, सर?"

मी म्हणालो, "हो."

त्यानं वृंदाला हाक मारली. दोघंही वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.