सोळा कोर आणि घरचा कापूस

मी अकोल्याच्या एका कॉलेजात कंप्युटर शिकवते, हा विषय आमच्या घरी हल्ली कोणी काढत नाही. घरचे सभ्य आहेत म्हणून. नाहीतर काढण्यासारखं पुष्कळ आहे!

आठवडाभर मी अकोल्यात खोली करून राहते आणि शनिवार-रविवारी तेल्हाऱ्याला आईबाबांकडे असते. बाबा तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. तेल्हारा-अमरावती ही त्यांची गाडी. रिटायर झाल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता रस्त्यावर गाडी चालवायची नाही. आणि बाबा एकदम गप्प झाले. दोन महिने ओट्यावर बसून समोरून जाणाऱ्या गाड्यांचे गियर ऐकत राहिले. ("दुसरा टाकाले पायजे होता," एवढंच अधूनमधून बोलत.) ते मला बघवेना. म्हणून मी माझा जुना कंप्युटर घरी आणला, स्टेअरिंग आणि पायातले ब्रेक-क्लच विकत घेतले आणि बस चालवायचा एक गेम टाकून दिला. तेव्हापासून बाबा रोज सकाळी साडेनऊला ड्युटीवर जातात. म्हणजे पुढच्या खोलीत!

जाताना खाकी शर्ट घालतात. बसण्याआधी टेबलाला एक चक्कर मारतात आणि टेबलाच्या पायांवर बोटं वाजवून पाहतात. (टायर!) गेममधले रस्ते परदेशातले, दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, आणि सगळी वाहतूक उजव्या बाजूने. पहिल्या दिवशी बाबांनी समोरून येणाऱ्या प्रत्येकाचा उद्धार केला. "सारं गाव राँग साइडनं चालून राह्यलं, अन् कोनी काई म्हनत नाई!" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तोही हिशेब जमवला. ते पुन्हा जेवताना बोलू लागले, आईची थट्टा करू लागले. मी स्वतःवर फार खूश होते.

या खोलीत बाबांबरोबर कापूसही राहतो. दिवाळीनंतर आमच्या वावरातून वेचलेला सगळा कापूस आई तिथेच अर्धी खोली भरून रचते आणि मनासारखा भाव येईपर्यंत एक बोंडही हलू देत नाही. कंप्युटरचा डबा या ढिगाला टेकून जमिनीवर ठेवलेला होता, कारण दुसरी जागाच नव्हती. त्याला हवा मिळावी म्हणून मी स्वतः त्याच्या मागच्या दोन पत्र्याच्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्या. (हे तुम्ही लक्षात ठेवा. मी विसरले होते.)

मार्चमध्ये गाडी अडखळायला लागली. सुरुवात झकास व्हायची, पण पंधरा-वीस मिनिटांनी, म्हणजे बाबांच्या हिशेबाने अकोट सोडलं की, पडद्यावरचं चित्र थिजायचं. दोन-तीन सेकंद काहीच हलायचं नाही. मग हलायचं, तेव्हा बस दरीत!

"तीस वर्सात एका पॅसेंजरच्या हातातला चहा सांडू देल्ला नाई म्या," बाबा स्टेअरिंग सोडून म्हणाले, "अन् इथं पन्नास मानसं खाली!"

त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. त्यात त्यांनी वानखडे काकांना बोलावून ठेवलं होतं. वानखडे काका म्हणजे बाबांच्या गाडीवरचे कंडक्टर. दोघांनी अठरा वर्षं एकत्र काढलेली. रिटायर होऊन काका चांदूर रेल्वेला, आपल्या गावी राहायला गेले आणि भेटी बंद पडल्या. पुढच्या रविवारी ते खास बाबांची नवी गाडी बघायला येणार होते. त्यांच्यासमोर गाडी दरीत गेली, तर बाबा पुन्हा स्टेअरिंगला हात लावणार नाहीत आणि ओट्यावर जाऊन बसतील, याची मला खात्री होती.

"प्रोसेसर कमी पडून राह्यला, बाबा," मी निदान केलं. "सहा कोरचा हाये. सोळा कोरचा लागन."

"कोर म्हंजे काय व?" आईने विचारलं.

मला कोणी असं विचारलं की माझी भाषा आपोआप पुण्याची होते. "कोर म्हणजे काम करणारा माणूस समज. जितके कोर जास्त, तितकी माणसं एकाच वेळी कामाला लागतात."

"म्हंजे येचनीच्या बाया! सहा लावल्या तं आठ दिवस, सोळा लावल्या तं तीन दिवसात वावर मोकयं."

"अगदी बरोबर!"

"अगदी चूक," बाबा म्हणाले. "गाडीले स्टेरिंग एक. सोळा ड्रायवर बसवले तं बाकीचे पंधरा काय करतीन?"

"झोपतीन," आई म्हणाली आणि लगेच पक्ष बदलून बाबांकडे गेली.

खरं सांगायचं तर बऱ्याच गेमांच्या बाबतीत बाबांचं म्हणणं शंभर टक्के शास्त्रशुद्ध होतं. मी वर्गात तेच शिकवते. पण वर्गात विद्यार्थी बोलतो आणि घरात बाप बोलतो, त्यामुळे मला ते पटलं नाही.

"अन् मले इचारशीन तं," बाबा म्हणाले, "गाडी गरम होऊन राह्यली. हात लावून पाय. पंखा कसा दमल्यावानी वरडून राह्यला."

"बाबा, ते काही इंजिन नाही."

"गरम होते, आवाज करते, चढावर बसते. मंग काय हाये?"

"ती तांत्रिक बाब आहे" असं म्हणून मी अकोल्याची बस पकडली.

तो आठवडा मी फक्त कोर मोजले. बारा घ्यावेत की सोळा? बारा पुरे म्हणावं तर मन म्हणे, बापासाठी घेतेस आणि हात आखडता? सोळा म्हणावं तर माझाच फळ्यावरचा तक्ता मला हसे. डब्याच्या सुट्टीत मी या विषयावरचे व्हिडिओ बघत पोळी खायची आणि भाजी तशीच परत न्यायची. बुधवारी बाबांचा फोन आला. गाडी अजून गरमच.

"बरं बाबा, तुमच्या समाधानासाठी एक करा," मी मोठ्या मनाने म्हटलं. "टेबलफॅन लावा त्याच्याकडे तोंड करून."

बाबांनी लावला. टेबलफॅन ठेवायला खोलीत एकच मोकळी जागा होती, ती म्हणजे कापसाच्या ढिगाच्या वर! गुरुवारी आईचा फोन आला, तेव्हा ती शिंकतच बोलत होती.

"तुया त्या पंख्यानं कापूस साऱ्या घरभर उडून राह्यला! वरनात कापूस, पान्यात कापूस! तुये बाबा तं म्हतारे दिसून राह्यले, भिवया पांढऱ्या झाल्या!"

"आणि गाडी?"

"थे आता हिवरखेडलेच बसते. अकोटबी येऊ देत नाई."

हिवरखेड अकोटच्या आधी येतं. म्हणजे हवा देऊनही आजार वाढला! मला परमानंद झाला. "बघ, मी म्हणत होते ना?" मी म्हटलं. "गरमपणाचा काही संबंधच नाही. कोरच कमी आहेत!" आणि सोळा कोर नक्की केले.

शुक्रवारी रात्रीच मी घरी आले आणि शनिवारी सकाळी कंप्युटरचा डबा वाकळीत गुंडाळून बाबा आणि मी अकोल्याला निघालो. डबा बाबांच्या मांडीवर, खिडकीजवळ. दुकानात शिरलो तर दुकानदार खुर्चीतून उठलाच.

"मॅडम! जय भीम! ओळखलं का? मी सागर. तुमच्याच वर्गात होतो."

माझी मान ताठ झाली. बाबांच्या देखत असा विद्यार्थी भेटणं यासारखं सुख नाही! मी त्याला सोळा कोरचा प्रोसेसर मागितला आणि तो का हवा, यावर उभ्या उभ्या दहा मिनिटं व्याख्यान दिलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही ऐकत थांबली. सागरने सगळं नम्रपणे ऐकून घेतलं.

"एकदा उघडून पाहू का, मॅडम?"

"पाहा की!"

त्याने चार स्क्रू काढले आणि बाजूचं झाकण सरकवलं.

आत कंप्युटर दिसतच नव्हता. आत कापूस होता! पंख्याने ओढून ओढून त्याचा असा घट्ट पेळू वळला होता की बसून सूत काढावं. पात्यांमध्ये एक सरकी अडकली होती. सागरने ती चिमट्याने उचलून माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "तुमीच सांगायच्या आमाले. बिघाड कोनताबी असो, आधी झाकन उघडून पाहाचं."

हे वाक्य खरोखर माझंच होतं. दर वर्षी पहिल्या तासाला सांगते! ती दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती.

"घरी कोन पायते कंप्युटर?" सागरने विचारलं.

"मी," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते सागरकडेच बघत होते, पूर्वी गाडी तपासायला आलेल्या साहेबाकडे बघत असतील तसे, अगदी सरळ.

"मॅडम मले पयल्याच दिवशी बोलल्या होत्या, 'बाबा, कापसापासून दूर ठेवा.' म्याच आयकलं नाई. अडानी मानूस हावो. माई चुकी झाली."

गाडी गरम होते आहे, हे आठवडाभर ओरडून सांगणारा माणूस हे बोलत होता! आयुष्यात एकही चूक डोक्यावर न घेतलेला ड्रायव्हर माझी चूक अंगावर घेऊन उभा होता, आणि वर मला 'मॅडम' म्हणत होता. मी लहानपणी कधी या माणसावर रुसले असेन, तर ते सगळे रुसवे मी त्या दुकानात उभ्या उभ्या परत घेतले. आपल्याला असा बाप मिळाला, याबद्दल नेमके कोणाचे आभार मानायचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सागरने हवेच्या मशीनने सगळं साफ केलं, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, मागे नव्या पट्ट्या बसवल्या आणि गेम चालवून दाखवला. बस लोण्यासारखी चालली.

"मंग सोळा कोरचा देऊ का, मॅडम?"

"नोको, बाप्पा," बाबाच म्हणाले. "ड्रायवर एकच बरा."

निघताना त्यांनी तो कापूस प्लास्टिकच्या पिशवीत भरून घेतला. घरचा माल आहे, टाकायचा कशाला!

रविवारी वानखडे काका आले. पुढच्या खोलीत कंप्युटरचा डबा आता चांगल्या उंच स्टुलावर होता आणि कापसावर आईचं जुनं लुगडं पांघरलेलं होतं. काका त्यावरच बसले. बाबांनी टेबलाला चक्कर मारली, टायर वाजवले आणि सीटवर बसले. काकांनी सवयीने हवेतली दोरी दोनदा ओढली आणि तोंडानेच घंटी दिली. गाडी निघाली. हिवरखेड गेलं, अकोट गेलं. बर्फाच्या डोंगरांतून वळणं घेत असताना काका उठून उभे राहिले आणि खणखणीत ओरडले, "अंजनगाव! अंजनगाववाले पुढं या!" आईने चहा आणला. बाबांच्या पुढ्यात टेबलावर भरलेला कप तसाच ठेवला आणि अमरावती येईपर्यंत सगळ्यांची नजर त्या कपावर होती.

चहा सांडला नाही.

"झकास गाडी हाये, लेका," काका डोळे पुसत म्हणाले. (कापसामुळे, असं ते म्हणाले.) "बनवली कोनं?"

"पोरीनं," बाबा म्हणाले. "हुशार हाये थे. कालेजात शिकवते."

आई पदरात तोंड लपवून हसत होती. पुढच्या शनिवारी तिने त्या पिशवीतल्या कापसाची टाचण्या टोचायची छोटीशी गादी शिवून माझ्या हातात ठेवली. ती कॉलेजात माझ्या टेबलावर असते.

परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, गेम खेळायला किती कोरचा प्रोसेसर घेऊ?"

मी त्या गादीकडे बघितलं आणि म्हटलं, "ते नंतर. आधी सांग, घरी कापूस किती आहे?"