तणसाचा रकाना

"म्याडम, तणसापायी गाडी अडवली म्हणते! आजच काहून?"

फोनवर दिलीपभाऊ ओरडत होते. त्यांची संत्र्यांची गाडी नागपूरहून निघून बांगलादेशच्या हद्दीतल्या नाक्यावर पोचली होती आणि तिथेच उभी होती. मी कस्टम्स एजंट, नागपूरच्या महाल भागात ऑफिस. निर्यातीचे कागद मीच केले होते.

आपली बारीक संत्री इथे कोणी विचारत नाही, तिकडे हातोहात जातात. त्यावरच दिलीपभाऊंच्या पॅकिंग शेडमधल्या अठरा बायकांचा हंगाम चालायचा. त्यांची म्होरकी सिंधूबाई. फळाला मार लागू नये म्हणून ती क्रेटमध्ये धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरायची. तणसही तिच्या कुही गावच्या घरचं, निवडून आणलेलं.

निर्यातीला फायटो लागतो, म्हणजे मालात कीड नाही असा सरकारी दाखला. त्याच्या अर्जात एक रकाना असतो: पॅकिंगमध्ये गवत किंवा तणस नाही. त्यातून कीड पसरते, म्हणून. बारा वर्षं मी त्याखाली डोळे झाकून सही केली. तिकडे कोणी क्रेट उपसून बघतच नव्हतं. मग दोन देशांचं बिनसलं.

तिकडच्या एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, पहले साहब हमारे साथ चाय पीता था. अभी कागज पढ़ता है."

माल आपल्या हद्दीत परत आणायचा, तणस काढायचं, नवा फायटो घ्यायचा, असा मार्ग निघाला. परतीची परवानगी आली सहाव्या दिवशी. तोवर ताडपत्रीखाली संत्री सडली होती. ड्रायव्हरने फोटो पाठवला, तो मला नीट बघवला नाही.

तिकडच्या व्यापाऱ्याने पुढच्या सगळ्या गाड्या रद्द केल्या. दिलीपभाऊंनी शेड बंद करायचं ठरवलं. मी गेले तेव्हा सिंधूबाई उरलेलं तणस पोत्यात भरत होती.

"माह्या तणसानंच घात केला ना, म्याडम?"

"नाही सिंधूबाई, माझ्या सहीनं." मी रकान्याचं सगळं सांगितलं.

तिने पोत्याचं तोंड बांधलं. "मंग मले एक डाव सांगतलं असतं, तं कागद अंथरला असता ना आम्ही."

मला लाज वाटली, अजून वाटते.

दोन देशांचं बरं चाललेलं असतं तोवर आपल्या चुका खपतात, आणि आपण त्यांना पद्धत म्हणतो. आता मी प्रत्येक रकाना वाचून सही करते. यंदा संत्र्यांची एकही गाडी सहीला आलेली नाही.