झल्लाकच्या किनाऱ्यावर सांगितलेलं आडनाव

शुक्रवारी सकाळी आठ वाजता आम्ही अस्करहून निघालो. अस्कर बहरीनच्या पूर्व किनाऱ्यावर, आणि आम्हाला जायचं होतं पश्चिम किनाऱ्यावरच्या झल्लाकला. म्हणजे अख्खा देश आडवा ओलांडायचा. शीतलने दोनदा विचारलं, "डबा बांधून घेऊ का?"

"अगं, अर्ध्या तासात पोचतोय आपण."

तिला ते खरं वाटेना. आमच्या गावाहून कोल्हापूरला जायलाच एसटी पाऊण तास घेते.

मी इथल्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात क्रेन मेंटेनन्सला आहे, सात वर्षं झाली. शीतल गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत तिला व्हिजिट व्हिसावर आणलं होतं. मुलगी आर्या गावी माझ्या आईजवळ. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण फक्त फिरण्यासाठी म्हणून दोघांनी घर सोडल्याचा हा पहिलाच दिवस. सुट्टीवर गेलेल्या एका मित्राने त्याची खोली आणि गाडी, दोन्हींच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या होत्या.

रस्ता वाळवंटातून जातो. वाळवंट म्हणजे सोनेरी टेकड्या नव्हेत. खडी सांडल्यासारखी करडी जमीन, तिच्यावरून धावणारे तेलाचे पाइप आणि मान खालीवर करत तेल उपसणारे पंप. "बिचारे सारखे नमस्कार करतायत," शीतल म्हणाली आणि खिडकीची काच खाली करून तिने एकाला हात जोडले. दोघेही खूप हसलो. त्या दिवसातलं तेवढं हसणं मला अजून स्वच्छ आठवतं.

झल्लाकच्या रिसॉर्टमध्ये दिवसभराचा पास घेतला की खुर्च्या, छत्री आणि टॉवेल मिळतो. आदल्या दिवशी राजधानी मनामातल्या बाब अल बहरीनच्या बाजारातून शीतलसाठी अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख घेतला होता. तो घालून ती लाजत बाहेर आली, तेव्हा मागे कॉलरला किमतीचं लेबल तसंच लटकत होतं. ते मी दातांनी तोडलं.

तिथला समुद्र आपल्या कोकणासारखा गर्जत नाही. फिकट हिरवं पाणी, तळ्यासारखं शांत. शंभर पावलं आत गेलं तरी गुडघाभरच. शीतल चालतच राहिली. मग एकदम थांबून ओरडली, "अहो, इकडं या की! माशांचा थवाच्या थवा हाय!"

शाळेत शुद्ध बोलणारी शीतल आनंद झाला की अशी गावची होते. तिचा आवाज शेजारच्या छत्रीपर्यंत गेला. तिथे बसलेला जाडसर मिशीचा माणूस उठून उभाच राहिला.

"आवो पावणं, कुठलं गाव?"

साळुंखे त्यांचं नाव. साताऱ्याकडचे, इथे एसी दुरुस्तीचं काम करतात. बायकोही सोबत होती. परदेशात असं मराठी कानावर पडलं की माणूस लगेच सैल होतो. मीही झालो. गाव सांगितलं, कारखाना सांगितला. मग त्यांनी सहज विचारलं, "आडनाव काय म्हणायचं?"

आमचं आडनाव कांबळे. ते सांगायला श्वासभरही वेळ लागत नाही. पण सात वर्षांपूर्वी मी मनामात खोली शोधत होतो, तेव्हा आपल्याच भागातल्या चौघांनी मला चहा पाजला, खाट दाखवली, आडनाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं की जागा भरली. ती खाट पुढे महिनाभर रिकामीच होती, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून आडनाव विचारलं की मला ती रिकामी खाट दिसते. हे कारण मी सांगतोय, सबब म्हणून नाही.

"मोरे," मी म्हणालो.

"मग तर आपलंच की!" साळुंखे वहिनी खुलल्या. शीतल पाण्यातून नुकतीच वर आली होती. टॉवेल अर्धवट अंगावर घेऊन ती जागीच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं.

रिसॉर्टमध्ये बाहेरचं खाणं आणायला बंदी. तरी वहिनींनी टॉवेलच्या घडीतून फराळाचा डबा काढला. चकल्या, शंकरपाळी, आणि वर खुबूसमध्ये, म्हणजे इथल्या गोल चपट्या रोटीत, गुंडाळलेली शेंगदाण्याची चटणी. "घ्या, खावा. घरचंच समजा," त्या म्हणाल्या. मी खाल्लं. चकली खुसखुशीत होती. शीतलने एक शंकरपाळी हातात घेतली आणि कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली.

"कुलदैवत कुठलं तुमचं?" वहिनींनी विचारलं.

एक खोटं बोललं की दुसऱ्याला वेगळा जोर लावावा लागत नाही. "जोतिबा," मी म्हणालो.

माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत घालून पंचगंगेत सोडले होते. त्यासाठी गावाने त्यांना दोन वर्षं कामाला बोलावलं नव्हतं. आजोबांनी नदीत सोडलेलं ते सगळं मी एका शब्दात परत घरात आणलं, तेही तोंडात चकली असताना.

"मी जरा पाण्यात जाते," असं म्हणून शीतल उठली.

मी तिच्या मागे जायला हवं होतं. गेलो नाही. साळुंखे कंप्रेसरबद्दल काहीतरी सांगत होते आणि मी माना डोलवत होतो. पाचेक मिनिटांनी तिची किंकाळी ऐकू आली.

वाळूत दबून बसलेल्या चपट्या माशावर तिचा पाय पडला होता. त्या माशाच्या शेपटीला विषारी काटा असतो. मी पोचेपर्यंत तिचं तोंड पांढरं पडलं होतं आणि घोट्याजवळून रक्त वाहत होतं. साळुंखे माझ्या मागोमाग धावले. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने त्यांनी, असं दोघांनी मिळून तिला उचललं. "यल्ला, यल्ला, बाजू व्हा!" असं ओरडत त्यांनी वाट मोकळी केली आणि आम्ही प्रथमोपचाराच्या खोलीत पोचलो.

तिथली नर्स केरळची. तिने शांतपणे टबमध्ये सोसवेल इतकं गरम पाणी ओतलं आणि पाय त्यात बुडवायला सांगितलं. त्याने विष उतरतं म्हणे. मग रजिस्टर उघडून तिने हिंदीत विचारलं, "पूरा नाम?"

मी तोंड उघडलं. "शीतल..." म्हणालो आणि अडकलो. साळुंखे शेजारीच उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातावर माझ्या बायकोचं रक्त.

वेदनेने शीतलचे ओठ थरथरत होते. पण आवाज वर्गात असतो तसाच आला.

"शीतल संजय कांबळे."

नर्सने लिहून घेतलं. साळुंख्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग किटली उचलून टबमध्ये आणखी गरम पाणी ओतू लागले, हळूहळू, तिला चटका बसणार नाही असं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत.

तासाभराने शीतलचा डोळा लागला, तेव्हा आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात आलो.

"मोरे म्हणालात तुम्ही," साळुंखे म्हणाले.

"हो."

"का हो?"

 मी उलट विचारलं, "तुम्ही तरी आडनाव का विचारलंत?"

 "सवय," ते म्हणाले. आणि पुढे, "मी मानत नाही तसलं काही. पण घरात मानतात. खोटं कशाला बोलू?"

शेवटचे तीन शब्द त्यांनी मला टोचायला म्हटले नसावेत. पण टोचले. ज्याने पुढचामागचा विचार न करता माझी बायको उचलली, त्याला मी आधीच त्या चौघांच्या रांगेत बसवून टाकलं होतं. ते तिथले नसतीलच असंही नाही. पण मी त्यांना कळू दिलंच नाही की मी कोण, आणि मलाही कळू दिलं नाही की ते कोण. निघताना त्यांनी हात पुढे केला, मी तो हातात घेतला. वहिनी लांबूनच "येतो" म्हणाल्या.

दुपार कलल्यावर आम्ही परत निघालो. सूर्य मागे समुद्राकडे झुकला होता, पण शीतलने मागे वळून पाहिलं नाही. बँडेज बांधलेला पाय पुढे पसरून ती बसली होती. बरंच अंतर गेल्यावर मी म्हणालो, "चुकलं माझं."

"माझी दुसरीतली पोरं आहेत ना," ती म्हणाली, "नाव विचारलं की उभी राहून पूर्ण नाव सांगतात. वडिलांचं, आडनावासकट. मीच शिकवते त्यांना. काही पोरं आडनावाला आली की आवाज बारीक करतात. मग मी म्हणते, मोठ्यानं सांग, बाळा, ऐकू आलं नाही."

एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

प्रवासाला जाणारा माणूस परकं काहीतरी बघायला जातो. मी आखाताचा समुद्र बघायला गेलो आणि बघितलं ते हे की ज्या भीतीला मी सात वर्षं शहाणपण म्हणत आलो, ती माझ्या बायकोला कशी दिसते.

खोलीवर पोचलो तर आर्याचा व्हिडिओ कॉल आला. शीतलने पाय उशीवर ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. मान हलवणारे पंप, गुडघाभर पाणी, माशांचा थवा, काटा. किनाऱ्यावर भेटलेल्या भल्या काका-काकूंबद्दलही सांगितलं. मी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून वाट बघत होतो. आडनावाची गोष्ट आली नाही.

"मग पप्पांनी काय केलं?" आर्याने विचारलं.

शीतलने फोनवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं.

"पप्पा धावत आले," ती म्हणाली. "त्यांनी मला उचलून आणलं."

"पप्पा दाखव की मला!"

तिने फोन माझ्याकडे वळवला. आर्या टाळ्या वाजवत होती. मी हसलो, हात हलवला. तिला ते हसू खरं वाटलं, आणि दिवसभरात मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती तेव्हा.